माळ्यावरचे संगणक

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला ज्या लाकडी कमानी आहेत त्या मूळच्या आहेत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे बसविलेल्या आहेत. आणि ज्या मावळात आषाढ-श्रावणात कपाटातील कपड्यांना बुरशी धरते, भिंतींचे पोपडे निघतात व आगपेटीची काडी तिसऱ्या-चौथ्या खेपेस पेटते, त्या मावळात ते लाकूड अद्याप शाबूत राहावे, ही गोष्ट मला नेहमीच विस्मयकारक वाटत आली आहे. त्याच डोंगराच्या परिसरात, इंद्रायणीच्या खोऱ्यातील मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव या गावांत आणि वर घाटमाथ्यावर लोणावळा-खंडाळ्यात, घराघरांच्या माळ्यांवर गेली वीस-पंचवीस वर्षे दुसराही एक ठेवा पडून आहे, आणि त्याची अवस्था मात्र शोचनीय आहे. मूळची पांढरी पण आता पिवळी पडलेली पत्र्याची पेटी, तिच्यावर उपडा घातलेला कळफलक, गोणपाटात गुंडाळलेला चौदा इंची काचेचा मॉनिटर, आणि बिस्किटांच्या डब्यात रबर लावून ठेवलेल्या फ्लॉपी, ज्यांवर कोणीतरी निळ्या शाईने ‘प्रिन्स’, ‘डेव्ह’, ‘बाबांची पत्रे’, ‘सोसायटी हिशेब’ असे लिहिलेले आहे. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत यांपैकी काही यंत्रे भंगाराच्या हातगाडीवर चढतात आणि तेथे त्यांचे मोल किलोवर ठरते.

या यंत्रांविषयी आज चाळिशीत असलेल्या माणसांच्या बोलण्यात जी हळहळ ऐकू येते, ती बालपणाची ओढ म्हणून बाजूला सारावी असे पुष्कळांना वाटते. मला ते मान्य नाही. बालपण सर्वांचेच सरते, पण प्रत्येक पिढी आपल्या बालपणीच्या मिक्सरविषयी किंवा शीतकपाटाविषयी अशा गहिवराने बोलत नाही. त्या संगणकाचे वेगळेपण हे होते की घरातील सर्वांत महागडी वस्तू असूनही ती उघडता येत असे. चार स्क्रू काढले की तिचा अंतर्भाग दिसे, प्रत्येक भागाला नाव असे, प्रत्येक भागाचे कार्य समजून घेता येई, एखादा भाग काढून दुसरा, अधिक सामर्थ्यवान, बसविता येई. आणि हे सारे चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा करू शके. दूरचित्रवाणी संचाच्या मागे हात घालण्यास ज्या घरात सक्त मनाई होती, त्याच घरात संगणक उघडून बसलेल्या मुलाकडे वडील कौतुकाने, आणि थोड्या धास्तीने, पाहत उभे राहत. यंत्राशी असा बरोबरीचा संबंध आपल्या मध्यमवर्गीय घरांत त्यापूर्वी क्वचितच जडला होता. आणि आजचा मोबाईल डिंकाने चिकटवून बंद केलेला असल्यामुळे तो पुढेही जडेल असे दिसत नाही.

संगणक सामान्य घरापर्यंत कसा पोहोचला याची हकीकत थोडक्यात अशी. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ या नावाची संगणक-साक्षरतेची योजना हाती घेतली व तिच्यासाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक निवडले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नवे संगणक धोरण जाहीर होऊन आयातीचे निर्बंध सैल झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लस या गृहसंगणकाची परवानाप्राप्त आवृत्ती विक्रीस आणली. ती दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची, आणि खेळ टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून, कर्कश किंचाळ्या ऐकत, तिच्यात भरून घ्यावयाचा. १९८८ साली पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकची स्थापना झाली व १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. परमची कीर्ती मावळात वर्तमानपत्रांतून पोहोचली. प्रत्यक्ष संगणक मात्र घरात यावयाला बहुतेक ठिकाणी १९९५ नंतरचा काळ उजाडला.

तळेगाव-वडगावकडील पुष्कळ कर्ती माणसे तेव्हा सकाळची लोकल पकडून पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या कारखान्यांत कामास जात. लोणावळ्यात रेल्वेचे नोकर होते, आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातील कर्मचारी होते, बंगल्यांचे आणि चिक्कीचे व्यापारी होते. चाळीस-पन्नास हजारांचे ते यंत्र म्हणजे अनेकांचा कित्येक महिन्यांचा पगार. सबब पतपेढीचे कर्ज, भविष्यनिर्वाह निधीतून उचल, क्वचित गृहिणीच्या भिशीचा हप्ता, अशी तजवीज करून संगणक घरी येई, आणि प्रत्येक घरात त्याचे कारण एकच सांगितले जाई : मुलांचे शिक्षण. पहिल्या दिवशी त्याला हळद-कुंकू लागे, नारळ फुटे. खंडेनवमीला त्याच्यावर झेंडूची माळ चढे. खोलीत चपला चालत नसत. आईने जुन्या पडद्याच्या कापडाचे झाकण शिवलेले असे, आणि काम संपल्यावर मॉनिटर गार झाला आहे की नाही हे हाताने पाहूनच ते घातले जाई.

या यंत्रातील ज्या भागाभोवती आज सर्वाधिक आठवणी गुंफलेल्या आहेत तो भाग म्हणजे चित्र पडद्यावर उमटविणारे कार्ड. आणि त्याची कथा सांगताना खेळांच्याही आधी एका मराठी माणसाला जिव्हाळ्याची वाटावी अशी गोष्ट सांगितली पाहिजे. आयबीएमच्या १९८१ सालच्या रंगीत चित्र-कार्डावर, ज्याला सीजीए म्हणत, प्रत्येक अक्षराच्या वाट्याला आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच एवढीच जागा येई. रोमन अक्षर त्या चौकटीत कसेबसे उभे राहते. पण देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचा पसारा लागतो, आणि तो आठ ठिपक्यांत मावणे अशक्य होते. या अडचणीवर आयआयटी कानपूरमध्ये संशोधन झाले, मोहन तांबे यांनी त्याला मूर्त रूप दिले, आणि पुढे ते काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये येऊन ‘जिस्ट कार्ड’ या नावाने देशभर पसरले. संगणकाच्या पेटीतील रिकाम्या खाचेत ते कार्ड बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या साध्या डॉसच्या प्रोग्रामातही मराठी लिहिता येई. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे मानक १९९१ साली निश्चित झाले व युनिकोडमधील आपल्या लिप्यांची मांडणी त्याच परंपरेतून आली. आज मोबाईलवर मराठीत शुभेच्छा धाडणाऱ्या प्रत्येकाच्या मागे ते हिरवे कार्ड उभे आहे, ही जाणीव मला फार मोलाची वाटते. मराठी माणसाने चित्र-कार्डाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो जिस्टपासून लिहावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

छापखान्यांची गोष्ट याला लागूनच आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कित्येक दशके आपले अंक शिशाच्या खिळ्यांनी जुळविले जात, पुढे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या प्रणालींनी ते काम संगणकावर आणले, आणि तालुक्याच्या गावांतही लग्नपत्रिका, जाहीर नोटिसा, शाळांची वार्षिके गृहसंगणकावर तयार होऊ लागली. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेल्या यंत्रावर संध्याकाळी वडील सहकारी सोसायटीचा जमाखर्च मांडीत आणि रात्री मुलगा राजकन्येला सोडवावयास निघे.

ती राजकन्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मधली. जॉर्डन मेकनर याचा तो खेळ डॉसच्या संगणकांवर १९९० साली आला, त्यात राजपुत्राला बारा मजले पार करावयास साठ मिनिटे मिळत, आणि तो एका फ्लॉपीवर मावत असल्यामुळे पुण्याच्या महाविद्यालयातून लोकलने तळेगावास आणि तेथून मित्राच्या खिशातून कामशेतास पोहोचण्यास त्याला एक आठवडाही लागत नसे. खेळ सुरू करताना नावापुढे ‘मेगाहिट’ हा शब्द टंकिला की राजपुत्राला अधिक बळ मिळते, हे गुह्य कोणी कोणाला सांगितले हे शोधणे आता अशक्य आहे; पण ज्याला ठाऊक असे त्याचा वर्गात मान असे. त्याच काळातला ‘डेंजरस डेव्ह’, पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांवर तोफ चालविण्याचा ‘पॅराट्रूपर’, आणि पुढे डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ यांची नावे आजही त्या पिढीच्या ओठांवर आहेत.

डूमपर्यंत सारी गणना मुख्य प्रोसेसरच करीत असे. त्रिमितीचा भास जसा गहिरा होत गेला तसे ते ओझे त्याला पेलेनासे झाले, आणि १९९६ साली अमेरिकेतील थ्रीडीएफएक्स कंपनीने ‘व्हूडू’ हे केवळ त्रिमितीसाठीच असलेले कार्ड आणले. ते नेहमीच्या कार्डाची जागा घेत नसे. दोन्ही कार्डे पेटीत शेजारी बसवून मागच्या बाजूने एका आखूड केबलने जोडावी लागत. १९९९ च्या उत्तरार्धात एनव्हिडियाची ‘जीफोर्स २५६’ आली; तिच्यात २ कोटी ३० लाख ट्रान्झिस्टर होते. याच कंपनीच्या २०२२ सालच्या ‘आरटीएक्स ४०९०’ या कार्डातील चिपमध्ये ७,६३० कोटी आहेत.

मावळातील मुलांच्या नशिबी यांतील अव्वल कार्डे क्वचितच आली, आणि जी आली त्यांच्यातील गोम समजण्यास पैसे खर्च होऊन जावे लागले. ‘टीएनटी-२ एम-६४’ हे कार्ड ३२ मेगाबाइटचे म्हणून विकत घेतले जाई. पण मूळ टीएनटी-२ मध्ये स्मृतीशी व्यवहार करणारी वाट १२८ बिटांची होती ती या स्वस्त आवृत्तीत निम्मी, ६४ बिटांची, केलेली होती, आणि मेगाबाइट मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट पेटीवर ठळक अक्षरांत कोणी सांगत नसे. त्याहून मोठा चटका ‘जीफोर्स-४ एमएक्स ४४०’ने दिला. नावात चार असले तरी तिची घडण जीफोर्स-२ च्या वळणाची होती, आणि नव्या खेळांना जी शेडरची, म्हणजे रंगछटा व प्रकाश यांचे हिशेब कार्डावरच करण्याची, सोय अवश्य वाटू लागली होती ती तिच्यात नव्हती. २००३ साली प्रिन्स ऑफ पर्शियाचा राजपुत्र ‘सँड्स ऑफ टाइम’ या नव्या खेळात, पूर्ण त्रिमितीत, परत आला. ज्यांनी लहानपणी त्याला फ्लॉपीवरून धावविले होते तीच मुले आता महाविद्यालयात होती. आणि त्यांच्या एमएक्स ४४० वर तो खेळ सुरूच होईना. तेव्हा ‘थ्रीडी अॅनालाइझ’ नावाचा एक लहानसा प्रोग्राम हातोहात फिरू लागला, जो कार्डात नसलेली सोय आहे असे खेळाला भासवीत असे. चित्र अडखळत चाले, पाण्याच्या जागी काळा पट्टा दिसे, पण राजपुत्र चाले. त्या मुलांनी शेडर म्हणजे काय हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी या अडचणीतून शिकून घेतले.

आणि ज्यांच्या संगणकात कार्ड बसविण्याची एजीपी नावाची खाचच नसे त्यांचे काय? इंटेलच्या ‘८१०’ आणि पुढे ‘८४५ जीएल’ या संचांवर बेतलेल्या मदरबोर्डांत चित्राची व्यवस्था आतच केलेली असे. ते स्वस्त पडत, म्हणून कुटुंबासाठी संगणक जुळवून देणारे दुकानदार पुष्कळदा तेच सुचवीत. आणि दोन-तीन वर्षांनी मुलाने साठविलेल्या पैशांतून कार्ड आणावयाचे ठरविले की पेटी उघडल्यावर दिसे, एजीपीची ती तपकिरी खाच तेथे नाहीच. ही निराशा इतक्या घरांत सारखीच घडली आहे की त्या वयाच्या कोणत्याही दोन माणसांना ‘तुमच्यात एजीपी होता का’ एवढे विचारले की संभाषण सुरू होते.

कार्ड आणावयाला जाणे हा एक स्वतंत्र सोहळा असे. लोणावळ्याचे स्थान या बाबतीत विलक्षण सोयीचे होते : एका बाजूस पुणे ६४ किलोमीटर, लोकलच्या तिकिटात, दुसऱ्या बाजूस घाट उतरून मुंबई, जेथे ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही संगणकाच्या सुट्या भागांची पंढरीच होती. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची रांग होती. आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर एखादे उतरलेले कार्ड पडल्या भावात मिळे. मळवली-कामशेतची मुले तीन-चार जणांचा जथा करून जात, कारण पैसे एकाचे असले तरी घासाघीस करण्यास तोंडे अधिक असलेली बरी. परतीच्या लोकलमध्ये, देहूरोड मागे पडेपर्यंत, पेटीवरचा बारीक मजकूर मोठ्याने वाचून होई.

मावळात हे यंत्र चालू ठेवणे मात्र जिकिरीचे होते. लोणावळ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. याच पावसावर टाटांनी वळवण, शिरवता, लोणावळा येथे तलाव बांधले, त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडले आणि १९१५ पासून त्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालविल्या. पण त्याच तलावांच्या काठच्या घरांत तारेवर फांदी पडली की रात्ररात्र काळोख असे, आणि वीज परत येताना जो झटका येई त्यात संगणकाचा वीजपुरवठा जळे. जुन्या घरांत अर्थिंग धड नसे, म्हणून पत्र्याच्या पेटीला ओला हात लागला की बोटांत मुंग्या येत. धुके खिडकीतून आत येऊन मॉनिटरच्या काचेवर बसे. सीडीच्या चकचकीत बाजूवर बुरशीची नक्षी उठे. यावर प्रत्येक घराचे उपाय होते : पावसाळाभर संगणक रोज अर्धा तास तरी चालू ठेवावयाचा, म्हणजे आतल्या उष्णतेने तो कोरडा राहतो; फ्लॉपींच्या डब्यात बुटांच्या खोक्यांत मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकावयाच्या; आणि संगणक सुरू न होता नुसत्या लांब शिट्या घालू लागला की रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून शाळेचे खोडरबर फिरवून ती पुन्हा बसवावयाची.

या शेवटच्या उपायाची प्रचिती मी यंदाच्या श्रावणात घेतली. लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूस राहणाऱ्या एका स्नेह्यांनी माळ्यावरचे यंत्र खाली काढले. पेंटियम थ्री, आणि एजीपीच्या खाचेत तेच टीएनटी-२ एम-६४. स्क्रू गंजलेले होते, पंख्याच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसला होता, वीजपुरवठ्याच्या जाळीआड पालीच्या अंड्यांची टरफले होती. मदरबोर्डवरील कपॅसिटर पाहिले. त्यांतील दोहोंची डोकी किंचित फुगलेली होती. साधारण १९९९ ते २००७ या काळातील असंख्य बोर्डांना हा रोग आहे, कारण त्या कपॅसिटरांतील द्रव सदोष निघाला. ब्रशने धूळ झाडली, रॅमचे आणि कार्डाचे दात खोडरबराने घासले तेव्हा काळपट थर जाऊन खालचे सोने उघडे पडले, वीजपुरवठा दुसरा लावला. एकच आखूड शिटी झाली. बोर्डावरची बॅटरी संपलेली असल्याने तारीख काही वर्षे मागे गेली होती; ती दुरुस्त केल्यावर हार्ड डिस्क कुरकुरली आणि विंडोज ९८ उघडली.

डेस्कटॉपवर ‘रोड रॅश’ होता, ‘एज ऑफ एम्पायर्स’ होता. स्नेह्यांच्या मुलाने, जो आता हिंजवडीत नोकरीस आहे, सांगितले की दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना लोहगडाची विंचूकाट्याची माची ते मित्र हुबेहूब उठवीत, आणि रात्री एज ऑफ एम्पायर्समध्ये तटबंदी बांधताना तिचीच सोंड पुढे काढीत. मग आम्ही एक मराठी फाइल उघडली. नगरपरिषदेकडे केलेल्या एका अर्जाची ती प्रत होती. ती त्या यंत्रावर स्वच्छ मराठीत उघडली. पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या लॅपटॉपवर उघडली तेव्हा मात्र पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि तिरक्या रेषा यांचा अर्थहीन पुंजका दिसला. कारण सरळ आहे. विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. तत्पूर्वीचे आणि नंतरही बराच काळ आपले बहुतेक मराठी लेखन अशा फॉन्टांत झाले ज्यांत प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा होता. फॉन्ट हरवला की मजकूर हरवला.

ज्या पुण्यात पेशवे दफ्तरातील मोडी रुमाल दोन-तीनशे वर्षांनंतरही उघडून वाचता येतात, ज्या महाराष्ट्रात इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची कागदपत्रे वाचविली आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले, तेथे १९९५ ते २००५ या दशकाचे घरगुती आणि संस्थांचे दफ्तर माळ्यावर पडल्या पडल्या अवाचनीय होत आहे, ही मला गंभीर हानी वाटते. पतपेढ्यांची इतिवृत्ते, ग्रामदैवतांच्या जत्रांचे हिशेब, शाळांची वार्षिके, आजोबांनी टंकून ठेवलेली वंशावळ, हे सारे त्यात आहे. आणि खेळही आहेत, कारण एका पिढीने आपले रिकामे तास कशात घालविले हाही इतिहासच आहे.

त्या पिढीतून काय निपजले हेही नोंदले पाहिजे. फ्लॉपींबरोबर विषाणू फिरत. २६ एप्रिल १९९९ या दिवशी ‘सीआयएच’ या विषाणूने जगभर असंख्य संगणकांचे बायोसच, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सूचनाच, पुसून टाकले. दहावीनंतर रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या कामास लागलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी पुण्यात विषाणूंच्याच संकटावर ‘क्विक हील’ हा व्यवसाय उभारला, व २०१६ साली त्यांची कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा खेळ आणला. त्यात सर्कशीत वाढलेली एक मुलगी भावाच्या शोधात असुरांशी लढते.

मुलगी नायिका असलेला खेळ पुण्यातून निघावा याचे मला विशेष समाधान आहे, कारण या साऱ्या आठवणींत एक उणीव राहून जाते. घरी आलेला संगणक सहसा भावाचा असे. बहिणीच्या वाट्याला तो झोपला की उरलेला वेळ येई. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी वर्गांनी हे थोडे पालटले; तालुक्यांच्या गावी हे वर्ग निघाले, आणि आंदर मावळ, पवन मावळ, नाणे मावळातील कित्येक मुलींनी संगणकाला पहिला हात तेथेच लावला. त्यांच्या आठवणी भावांच्या आठवणींहून निराळ्या आहेत, आणि त्या अद्याप कोणी विचारलेल्या नाहीत.

तळेगावाने १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना पाहिला आहे. लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला तो स्वदेशी उद्योग होता. शंभराहून अधिक वर्षांनी, २०२२ साली, त्याच तळेगावाचे नाव वेदांत-फॉक्सकॉनच्या चिप कारखान्यासाठी घेतले गेले. सप्टेंबरात तो प्रकल्प गुजरातेत जाण्याचे जाहीर झाले, आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. ज्या गावातील मुलांनी एकेका चिपसाठी लोकलचे प्रवास केले तेथेच त्या घडाव्यात, ही आशा त्या महिन्यांत अनेकांनी मनापासून बाळगली होती. मीही बाळगली होती.

यंदाच्या साफसफाईत ज्यांच्या माळ्यावरून असे यंत्र खाली येईल त्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. यंत्र एकदम वीज देऊन सुरू करू नये. आधी उघडून कोरडे करावे आणि फुगलेले कपॅसिटर पाहावे. नव्वदीच्या प्रारंभीचा बोर्ड असेल तर त्यावरची निळी, नळीसारखी बॅटरी ताबडतोब कापून काढावी, कारण ती गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. बुरशी दिसणारी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. एका फ्लॉपीची बुरशी पुढच्या सर्व फ्लॉपींना लागते. हार्ड डिस्क काढून दहा-पंधरा मिनिटांच्या कामाने, स्वस्तात मिळणाऱ्या जोडणीने, नव्या संगणकाला लावता येते. तिच्यावरील फाइली उतरवून घेताना विंडोजच्या फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ हा पोटफोल्डर न चुकता बरोबर घ्यावा, कारण मराठी मजकुराची किल्ली त्यात आहे. एवढे झाल्यावरही यंत्र नकोच असेल, तर ते हातगाडीवर न घालता ई-कचरा रीतसर स्वीकारणाऱ्यांकडे द्यावे. काचेच्या मॉनिटरात शिसे असते.

आणि तळेगाव, वडगाव किंवा लोणावळा येथील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक विभागाने एक कोरडी खोली दिली, तर तेथे निदान पाच-सहा यंत्रे चालू स्थितीत मांडता येतील : कॅसेटवर चालणारा एक स्पेक्ट्रम, सीजीएचा एक चार रंगी संगणक, जिस्ट कार्ड बसविलेला एक, व्हूडूची केबल दिसेल असा उघडा ठेवलेला एक, आणि ज्यात एजीपीची खाच नाही असा एक ८१०. तुंगार्लीचे यंत्र देण्यास माझे स्नेही तयार आहेत. मदरबोर्डच्या मूळ पुस्तिकेसह.